वाईच्या घाटाजवळील वाडा : दोघांच्या विश्रांतीसाठी निवास आणि न्याहारी

पाचगणी-महाबळेश्वरला निघालेली बहुतेक वाहने सुरूर फाट्यावरून वळतात, वाईच्या बाजारपेठेतून कशीबशी वाट काढतात आणि पसरणीच्या घाटाला लागतात. वाईतच मुक्काम करावा, असे त्यांतील फार थोड्यांच्या मनात येते. दोघांनाच जायचे असेल आणि विश्रांतीखेरीज दुसरा हेतू नसेल, तर वरच्या गर्दीपेक्षा हा मुक्काम अधिक सुखाचा ठरतो, असे आमचे मत झाले आहे. कृष्णेच्या घाटाजवळच्या एका आळीत, स्वतः राहत असलेल्या जुन्या वाड्यातील माडीवरच्या दोन खोल्या एक निवृत्त दांपत्य पाहुण्यांना देते. या हिवाळ्यात आम्ही उभयता तेथे राहून आलो.

खोली मोठी नाही, परंतु नीट विचार करून लावलेली आहे. वर कडीपाट, भिंतीत कोनाडे, एका अंगाला आळीकडे उघडणारी खिडकी आणि दुसऱ्या अंगाला चौकावरची अरुंद गॅलरी, एवढाच तिचा थाट. जुन्या वाड्याचे हॉटेल करताना भिंतीवर ढाल-तलवारी आणि कोपऱ्यात पितळी हंडे मांडून ठेवण्याची जी रीत हल्ली सर्वत्र दिसते, ती येथे नाही, याबद्दल मालकांचे आभारच मानले पाहिजेत. गादी कापसाची आणि घट्ट आहे, चादरी स्वच्छ आहेत, वाचण्यासाठी पलंगाशेजारी पुरेसा उजेड देणारा दिवा आहे (ही साधी गोष्ट महागड्या हॉटेलांनाही क्वचितच सुचते), आणि दूरदर्शन संच नाही. स्नानगृह मागाहून बांधलेले असले तरी खोलीला लागूनच आहे.

न्याहारीविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ती या घराची खरी मिळकत आहे. सकाळी साडेआठपासून दहापर्यंत केव्हाही खाली सोप्यात यावे, आपण बसल्यानंतरच तवा तापतो. एके दिवशी ताकातली तांदळाची उकड होती, लसूण-मिरचीची फोडणी दिलेली आणि वरून कच्च्या तेलाची धार सोडलेली. दुसऱ्या दिवशी घरच्या भाजणीचे थालीपीठ, त्यावर लोण्याचा गोळा आणि सोबत घट्ट दही. दोन्ही वेळा पानात ओल्या हळदीचे लोणचे होते. वाई परिसरात हळदीचे पीक मोठे आहे आणि थंडीत ताजे कंद बाजारात येतात. ते किसून त्यात आले, लिंबू आणि मीठ घातलेले हे लोणचे बरणीतल्या जुन्या लोणच्यासारखे झणझणीत नसते, त्याला मातीचा किंचित तुरट वास असतो आणि थालीपीठाबरोबर ते इतके जुळते की आम्ही दोघांनीही संकोच सोडून पुन्हा मागून घेतले. शेवटी भिलारकडच्या स्ट्रॉबेरी आल्या, साखर किंवा क्रीम न घालता, नुसत्या धुऊन ठेवलेल्या. चहा थोडा गोड असतो. कमी साखरेचा हवा असल्यास आदल्या रात्रीच सांगावे.

या घरातली आणखी एक गोष्ट आम्हांला विशेष वाटली. काका-काकू अगत्यशील आहेत, पण पाहुण्याला गप्पांत अडकवून ठेवत नाहीत. ‘काय काय पाहिलंत?’ असा हिशेब कोणी मागत नाही, आणि दुपारी जेवून आम्ही संध्याकाळपर्यंत झोपलो तरी दार वाजले नाही. विचारले, तर मात्र काका मन लावून सांगतात. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले, हे आम्हांला ठाऊक होते. त्याची मागची भिंत माशाच्या आकारात निमुळती केलेली असून पुराचे पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे हा त्यामागचा हेतू आहे, हे मात्र त्यांनी आम्हांला देवळामागे नेऊन दाखवले. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली याच गावातून चालले, याचा त्यांना वाटणारा अभिमानही बोलण्यात जाणवत राहतो.

फिरायचेच असेल तर सुमारे तीन किलोमीटरवरील मेणवली पुरेशी आहे. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागचा चंद्रकोरीसारखा घाट आणि तेथे टांगलेली, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर इकडे आलेली पोर्तुगीज घंटा, हे सारे सकाळच्या पहिल्या प्रहरात निवांत पाहता येते. चित्रीकरण चालू असल्यास घाटावर गर्दी असते, म्हणून आधी चौकशी करावी.

उणिवाही आहेत. माडीचा जिना लाकडी आणि फारच उभा असल्याने गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी ही खोली घेऊ नये. पाणी सौर यंत्रावर तापते, त्यामुळे ढगाळ सकाळी ते कोमट येते. आळीत मोटार शिरत नाही. ती घाटाकडच्या मोकळ्या जागेत ठेवून सामान हातात घेऊन यावे लागते. शिवाय हिवाळ्याच्या उत्तरार्धात निरनिराळ्या घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव पाळीपाळीने असतो. तो पाहण्यासारखा आहे, परंतु त्या दिवसांत शांततेची अपेक्षा ठेवता येत नाही.

दोघांना न्याहारीसह एका रात्रीचे २५०० रुपये पडतात आणि मिळणाऱ्या गोष्टींच्या मानाने ते रास्त आहेत. रात्रीच्या जेवणाचे पैसे वेगळे असून ते दुपारपर्यंत सांगावे लागते. ज्वारीची भाकरी आणि कोरेगावकडच्या वाघ्या घेवड्याची आमटी असा बेत असेल, तर बाहेर जेवायला जाऊ नये. खोल्या दोनच असल्यामुळे शनिवार-रविवारसाठी बरेच आधी कळवावे, आणि शक्य असल्यास चौकाकडची खोली मागावी, कारण आळीकडच्या खोलीत पहाटे दूधवाल्यांच्या दुचाकींचा आवाज येतो.