दहा बाय पन्नासची दुर्बीण: घेतली विमानांसाठी, कामी आली माणसं बघायला

एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपात इंजिनाखाली पाठ टेकून 31 वर्षं काढलेल्या माणसाला दुर्बीण काहून पाहिजे, हे घरातल्या प्रत्येकानं विचारून झालं. पण नागपूरच्या वायुसेनानगरात एअर फेस्ट आहे, वायुसेनेच्या सूर्यकिरण कसरत पथकाची नऊ विमानं येणार आहेत म्हटल्यावर मी सीताबर्डीला जाऊन 10 बाय 50 ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग 50 मिलिमीटरचं असलेली दुर्बीण आणलीच. साडेतीन हजार रुपये. दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. हाच माल चार वेगवेगळ्या नावांच्या डब्यांत मिळतो, मग एकालाच काहून बदनाम करायचं?

आधी रडगाणं. वजन किलोभर आणि पट्टा बुटाच्या नाडीएवढा. तासाभरात मानेवर वळ उठला. घरी आल्यावर मी तो काढून जुन्या बॅगेचा रुंद पट्टा शिवला. भिंगांची झाकणं इतकी सैल, की एक मैदानातच पडलं आणि कुठल्याशा पोट्ट्यानं त्याचं भोवऱ्यासारखं चाक केलं. दुकानदारानं ज्याचं सगळ्यात जास्त कौतुक केलं होतं ते लाल चमकणारं भिंग म्हणजे तर निव्वळ फसवणूक. भिंगावरचा लेप लाल उजेड बाहेरच परतवतो, मग डोळ्यापर्यंत पोचतं ते हिरवट-निळसर. विमानांनी तिरंगी धूर सोडला तेव्हा सगळं मैदान ओरडत होतं आणि माझ्या दुर्बिणीतला केशरी रंग पाण्यात धुतल्यासारखा फिका. दुर्बीण खाली केली तेव्हा कुठे खरा केशरी दिसला.

आणि मुख्य गोष्ट, ज्यासाठी घेतली ते काम तिला जमतच नाही. मेकॅनिक माणूस आहे, हिशोब करून सांगतो. हिच्यातून एक किलोमीटरवर साधारण 114 मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. विमान ताशी 600 किलोमीटरनं आडवं गेलं तर तेवढा तुकडा पाऊण सेकंदाच्या आत पार. म्हणजे तुम्ही शोधेपर्यंत गेलं. त्यात दहापट मोठं दिसतं तर हाताची थरथरही दहापट. विमानामागे दुर्बीण फिरवता फिरवता मी एकदा सूर्याच्या इतका जवळ गेलो, की बाजूला बसलेल्या साडूनं माझा हातच खाली ओढला. ही गंमत नाही बाप्पा, भिंगातून सूर्य दिसला तर डोळा जातो.

हात खाली आला आणि तिथून माझे पैसे वसूल व्हायला लागले.

आमचे साडू वायुसेनेतून सार्जंट म्हणून निवृत्त. इंजिन फिटर. सूर्यकिरण 1996 मध्ये बिदरला सुरू झालं, सहा किरण विमानांवर, तेव्हा ते तिथंच होते. पुढे 2011 मध्ये ते थांबलं, 2015 मध्ये हॉक विमानांवर परत उभं राहिलं. वयानं माझ्याहून लहान, म्हणून मला दादा म्हणतात, मी त्यांना सार्जंट म्हणतो. ते म्हणाले, "दादा, वर काय बघता? वरचं सगळेच बघतात. तो टोपीवाला बघा, माईकच्या डावीकडचा."

दुर्बीण स्थिर माणसावर रोखली की काय झकास चित्र येतं! टोपीवाल्याच्या कानाला वायरलेसचा सेट, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद, कागदाची कडा अंगठ्याखाली मळलेली. ओठ हलत होते. विमानं वळायच्या एक श्वास आधी त्याची मान वळायची. त्याच्यामागे एक जण तिपाईवर कॅमेरा लावून उभा. लोकांकडे ढुंकून बघणं नाही, नुसता विमानांच्या मागे. मला वाटलं पेपरवाला. सार्जंट हसले. "हा सूर्यकिरणच्या टीमचाच माणूस. उतरल्यावर ह्याचाच व्हिडिओ लावून एकमेकांच्या चुका काढतात. पंखाला पंख पाच मीटरवर ठेवून उडायचं, तर कोण वीतभर मागे राहिला ते वरून कळत नाही, खालून कळतं."

आकाशगंगावाल्यांच्या, म्हणजे विमानातून छत्री घेऊन उड्या मारणाऱ्या वायुसेनेच्या पथकाच्या वेळी तर मी वर पाहिलंच नाही. मैदानात उतरायच्या जागेवर एक जवान उकिडवा बसला होता, शेजारी धूर सोडणारी नळकांडी. त्याची नजर आकाशात नव्हती, धूर कुठे झुकतो तिकडे होती. वारा फिरला तसा पाठीमागच्याला हातानं काहीतरी सांगितलं. छत्रीवाला उतरला, टाळ्या पडल्या, आणि टाळ्या चालू असतानाच दोन माणसं धावत गेली आणि वाऱ्यावर परत फुगणारी छत्री छातीशी कवटाळून खाली बसली. कडेला अग्निशामक गाडी. तिचा माणूस चंदेरी सूट घालून, टोप मानेवर लोटून बसला होता. कपाळावरचा घाम मला इथून दिसत होता. त्यानं एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

मी म्हणालो, "पण सार्जंट, तुमचे फिटर कुठे आहेत?" ते इथं नव्हतेच. विमानं सोनेगावच्या विमानतळावरून उडतात, काम सगळं तिथं. (दुर्बीण घेऊन विमानतळाच्या भिंतीशी उभं राहायचा विचार कोणी करू नका, गाडीत घालून नेतील.) मग त्यांनीच सांगितलं. पहाटे सगळे एका रांगेत मान खाली घालून चालतात, खडा, खिळा, वायसर, जे दिसेल ते उचलतात. जेट इंजिन ते ओढून घेतं आणि आतली पाती जातात. मग चाकांची हवा, ब्रेक, ऑक्सिजन, वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटच्या पिना, लाल फीत बांधलेल्या. एंजिनवाला, इलेक्ट्रिकवाला, बॉडीवाला, प्रत्येकजण आपापल्या कामाची सही फॉर्म 700 वर करणार आणि शेवटी वैमानिक सही करून विमान ताब्यात घेणार. आमच्याकडे ड्रायव्हरच्या तक्रारीचं बुक असायचं, तसंच हे. फरक एवढाच की आमच्याकडे 'ब्रेक कमी लागतो' लिहिलेली गाडीसुद्धा कधीकधी फलाटावर लागायची.

अवजारांच्या पाटीचं ऐकून मात्र मी गप्प झालो. प्रत्येक पान्याच्या आकाराची जागा पाटीवर रंगवलेली. काम संपल्यावर एक जागा रिकामी दिसली तर पाना सापडेपर्यंत विमान हलत नाही. माझा बारा-तेराचा पाना एकदा इंजिनावर राहून काटोल डेपोला जाऊन परत आला होता. संध्याकाळी मी तो बॉनेटमधून काढला आणि खिशात टाकला, कोणाला बोललो नाही. सार्जंटला पहिल्यांदा सांगितलं. ते हसले नाहीत.

धुराचंही असंच. विमानाच्या पोटाखालच्या टाकीतून तेल इंजिनाच्या तप्त झोतात सोडतात, त्याची वाफ होते, बाहेर गार पडली की धूर. रंग हवा तर तेलात रंग. ह्या रंगीत धुराच्या टाक्या नाशिकच्या बेस रिपेअर डेपोत बनल्या आणि वायुसेनेच्या अशा डेपोंचा कारभार चालतो तो आपल्या ह्याच वायुसेनानगरातून, मेंटेनन्स कमांडच्या मुख्यालयातून. चाळीस वर्षं मी ह्या भिंतीवरून जातोय, आत बडे साहेब बसतात एवढंच ठाऊक. आत वायुसेनेचं हिंगणा वर्कशॉप आहे हे आता कळलं. आमच्याकडे गाडीनं धूर सोडला तर मेमो मिळायचा, इथं धूर नीट निघाला नाही तर मिळत असेल.

इंग्लंडच्या रेड ॲरोजमध्ये म्हणे प्रत्येक वैमानिकाचा ठरलेला फिटर असतो आणि मुक्काम बदलताना तो त्याच विमानाच्या मागच्या सीटवर बसून जातो. मी विचारलं, "तुम्ही बसलात का कधी?" सार्जंटनी उत्तर द्यायच्या ऐवजी दुर्बीण मागितली.

खेळ संपला होता, लोक खुर्च्या सरकवत उठत होते. विमानं सोनेगावच्या दिशेनं एकेक करत लहान होत चालली होती. आता ती सरळ रेषेत, लांबून, सावकाश जात होती, म्हणजे ह्या दुर्बिणीला झेपेल अशी. सार्जंट पुटपुटत मोजत होते. सात... आठ... मग जरा थांबले. नऊ. "हं," म्हणाले आणि दुर्बीण परत दिली. बिदरला विमानं परतायच्या वेळी सगळे फिटर धावपट्टीच्या कडेला उभे राहून असंच मोजायचे, चहा नंतर.

तर घ्यायची का? एअर शोसाठी 10 बाय 50 घेऊ नका, 8 बाय 42 बघा: हलकी, जास्त रुंद दिसतं, हात कमी थरथरतो. लाल भिंग असेल तर दुकानातून बाहेर या. उजव्या डोळ्याची फिरकी घरीच जुळवून न्या, मैदानात ते जमत नाही. माझी मी विकणार नाही. फुटाळा तलावावर बगळे बघायला चालते आणि पुढच्या एअर फेस्टला सार्जंटनी ती आधीच मागून ठेवली आहे.