मॅथ.डिस्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पहिल्याच आठवड्यात चालू प्रोग्राम अडला. हाताने लिहिलेलं जुनं सूत्र (फरक, वर्ग, बेरीज, वर्गमूळ) काढून त्या जागी पायथनचं मॅथ.डिस्ट (दोन बिंदूंमधलं सरळ अंतर देणारं फंक्शन) टाकलं, आणि इतके दिवस बिनबोभाट चालणाऱ्या डेटावर व्हॅल्यू-एरर आला: दोन्ही बिंदूंची मितीसंख्या, म्हणजे आकड्यांची संख्या, सारखी हवी. चार ओळी वाचवायला आणलेलं फंक्शन जुनं काम बंद पाडत असेल तर ते हवंय कशाला, हा पहिला विचार. तो चुकीचा होता.

जुनं सूत्र पायथनच्या झिप फंक्शनने दोन्ही बिंदूंच्या आकड्यांच्या जोड्या लावत होतं. झिपची रीत अशी की लहान बाजू संपली की थांबायचं, उरलेलं सोडून द्यायचं. जिओजेसनमध्ये (नकाशाचा डेटा लिहायचा एक फॉरमॅट) एका बिंदूसाठी रेखांश, अक्षांश आणि असलीच तर उंची, असे दोन किंवा तीन आकडे येतात. काही नोंदींना उंची होती, काहींना नव्हती. जोडीतल्या एकालाच उंची असली की झिप ती गुपचूप टाकून देई. दोघांनाही असली की अंशांच्या वर्गात मीटरचे वर्ग मिसळत. म्हणजे एकाच रकान्यात दोन वेगवेगळ्या अर्थांची अंतरं जमा होत होती आणि कुठेही एरर नव्हता. मॅथ.डिस्ट अडून बसलं म्हणून हे दिसलं. पायथन 3.10 पासून झिपलाही स्ट्रिक्ट (लांबी सारखी नसेल तर एरर दे) सांगता येतं, पण ते आठवणीने लिहावं लागतं. इथे ती तपासणी बाय डिफॉल्ट आहे आणि बंद करायची सोयच नाही. या एका गोष्टीसाठी मी हे फंक्शन ठेवलं, बाकी सगळं नंतर.

बाकीचंही चांगलं आहे. 3.8 मध्ये, म्हणजे ऑक्टोबर 2019 ला, हे आलं. त्याच वेळी हायपॉटलाही (फरकांवरून अंतर काढणाऱ्या फंक्शनला) दोनपेक्षा जास्त आकडे चालू लागले. फरक आधीच हातात असतील तर हायपॉट, बिंदू असतील तर डिस्ट. मोठ्या आणि बारीक आकड्यांचा विचार आत केलेला आहे: सर्वात मोठा फरक शोधून त्या प्रमाणात बाकीचे फरक लहान-मोठे केले जातात, मग वर्ग. त्यामुळे फरक 10 च्या 200 व्या घाताएवढे असले तरी उत्तर बरोबर येतं. हाताने (** ने) वर्ग केला तर तिथे ओव्हरफ्लो एरर येतो, म्हणजे आकडा मावत नाही. उलट बाजू जास्त वाईट. फरक 10 च्या उणे 200 व्या घाताएवढा असेल तर त्याचा वर्ग थेट 0.0 होतो, आणि दोन वेगळे बिंदू एकाच जागी असल्यासारखे दिसतात, तेही एररशिवाय. डिस्टमध्ये तसं होत नाही. 3.10 मध्ये हे आतलं गणित आणखी नेमकं केलं गेलं, त्यामुळे 3.8 आणि 3.10 च्या उत्तरात शेवटचा अंक वेगळा येऊ शकतो. टेस्टमध्ये अंतरं दुहेरी बरोबरच्या चिन्हाने ताडली असतील तर ती आधीच बदला. इझक्लोज (दोन आकडे जवळपास सारखे आहेत का ते बघणारं फंक्शन) वापरा, आणि शून्याशी तुलना असेल तर त्याला ॲब्स-टॉल, म्हणजे किती फरक चालेल तो आकडा, द्यायला विसरू नका, कारण त्याची मूळ किंमत 0.0 आहे.

नंपाय (मोठ्या आकडेमोडीची वेगळी लायब्ररी) का नाही, असं कोणी विचारेल. दोन बिंदूंमधल्या एका अंतरासाठी कित्येक मेगाबाइटची लायब्ररी छोट्या सर्व्हरवर चढवणं मला पटत नाही. मॅथ पायथनबरोबर फुकट येतं. लाखो अंतरं एका झटक्यात काढायची असतील तर गोष्ट वेगळी, तिथे नंपायच. एक लाख बिंदू प्रत्येकी एक लाख बिंदूंशी ताडले तर 1000 कोटी कॉल होतात, त्याला डिस्ट कुठून पुरणार! पण एका ठिकाणापासून सर्वात जवळचं दुकान शोधायला मिन (सर्वात लहान शोधणारं फंक्शन) पुरतं: त्याला की, म्हणजे कशावरून ताडायचं ते, म्हणून पार्शलने आपला बिंदू आधीच बांधलेलं डिस्ट द्या, लॅम्डासुद्धा (बिननावाचं छोटं फंक्शन) लागत नाही. बिंदू ट्यूपलमध्ये (न बदलणाऱ्या यादीत) ठेवा. लिस्ट दिली तरी चालते, पण दर कॉलला आत तिचा ट्यूपल बनतो. लूप मोठा असेल तर आधीच एकदा बदलून घ्या.

तीन महिन्यांनी मत पुन्हा थोडं बदललं. मितीसंख्येच्या तपासणीवर मी जास्तच विसंबून राहिलो होतो. ती आकडे मोजते, त्यांचा अर्थ तिला कळत नाही. जिओजेसन रेखांश आधी लिहितं, बहुतेक नकाशे दाखवताना अक्षांश आधी. पुण्यातलीच दोन ठिकाणं, एक (18.52, 73.86) असं आणि दुसरं (73.84, 18.53) असं उलटं आलं, की डिस्ट शांतपणे 78.24 सांगतं. दोन-दोन आकडे आहेत, तक्रार कसली? दोन्हीकडे उंची असलेला तो तीन-तीनचा घोळही तसाच आत शिरतो.

आणि क्रम बरोबर असला तरी अंश म्हणजे अंतर नव्हे. मुंबईचं सीएसएमटी (18.94, 72.84) आणि पुणे स्टेशन (18.53, 73.87) घ्या. डिस्ट 1.109 देतं. त्याला 111 ने गुणलं की सुमारे 123 किलोमीटर येतात. खरं सरळ रेषेतलं अंतर 117 च्या आसपास आहे (रेल्वेने 192, तो प्रश्न वेगळा). कारण रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावरच 111 किलोमीटर असतो, उत्तरेला जाऊ तसा आखडतो. आपल्याकडे त्याला अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे 18.7 अंशांवर साधारण 0.947 ने गुणावं लागतं. दिल्लीत हाच आकडा 0.88 च्या आसपास येतो. एका शहरापुरतं काम असेल तर रेखांश आधी असे आखडून, दोन्ही फरक किलोमीटरमध्ये आणून मग डिस्ट वापरणं पुरेसं आहे. कोसाइनला रेडियन लागतात, अंश नाही.

जास्त नेमकं हवं असेल तर यूटीएममध्ये (पृथ्वीचे उभे झोन पाडून जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत) रूपांतर करून डिस्ट. इथे महाराष्ट्रात काम करणाऱ्यांनी नीट लक्ष द्यावं. 78 अंश रेखांशावर झोन बदलतो. मुंबई, पुणे, अमरावती झोन 43 मध्ये, वर्धा आणि नागपूर झोन 44 मध्ये. दोन्ही झोनचे आकडे आपापल्या मध्यरेषेला 5,00,000 धरून मोजलेले असतात. अमरावतीचा पूर्व-आकडा 43 मध्ये सुमारे 7,86,000 येतो, नागपूरचा 44 मध्ये सुमारे 3,02,000. ते तसेच डिस्टला दिले तर अंतर 480 किलोमीटरच्या वर जातं. खरं अंतर 140 च्या आसपास! विदर्भाचा डेटा असेल तर सगळे बिंदू एकाच झोनमध्ये आणा, मगच अंतर काढा.

बारीक तक्रारी आणखी आहेत. आकडा आधी फ्लोट (ठराविक अंकांपुरताच नेमका असलेला दशांश आकडा) होतो, मग वजाबाकी. त्यामुळे 2 चा 53 वा घात आणि त्याहून 1 ने मोठी संख्या यांतलं अंतर 0.0 येतं, साधी वजाबाकी मात्र 1 देते. नॅनोसेकंदातले आजचे टाइमस्टॅम्प (वेळेच्या नोंदी) या मर्यादेच्या बरेच पुढे आहेत, तिथे 256 नॅनोसेकंदांच्या खालचा फरक विश्वासाचा नाही. बिंदू सेट म्हणून दिला तर क्रम जातो, आणि दोन आकडे सारखे असले की एकच उरतो. एकाच मितीचं अंतर हवं असेल तर 3 आणि 7 असं देता येत नाही, ट्यूपलच लागतो. जुन्या उबुंटू 18.04 च्या सर्व्हरवर पायथन 3.6 आहे, तिथे डिस्ट नाहीच. दोन मितींना हायपॉट, तीन मितींना हायपॉटच्या आत हायपॉट, असं चालवून घ्यावं लागतं.

सगळ्यात जास्त सांभाळायची जागा शेवटी सापडली. दोन्ही बिंदू रिकामे ट्यूपल असतील तर मितीसंख्या सारखीच असते, शून्य आणि शून्य. डिस्ट 0.0 परत देतं. जीपीएसने वाचन दिलंच नाही आणि दोन्ही नोंदी कोऱ्या राहिल्या, तर जवळात जवळच्या जोड्यांच्या यादीत त्याच सर्वात वर बसतात. आता माझ्या कोडमध्ये डिस्टच्या आधी एक ओळ आहे: प्रत्येक बिंदूची लांबी बरोबर 2 हवी, पहिला आकडा 6 ते 38 मध्ये आणि दुसरा 68 ते 98 मध्ये हवा. भारतातले अक्षांश-रेखांश या मर्यादेत बसतात आणि या दोन पट्ट्या एकमेकींवर येत नाहीत, त्यामुळे उलटा आलेला बिंदूही इथेच अडतो.