इंजिनावरचा पंखा की इलेक्ट्रिक?

ऑफ-रोड गाडीला मोठे टायर, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र), जाड बंपर. गाडी रुबाबदार होते, पण रेडिएटरसमोरची हवेची वाट अडते आणि इंजिनावरचा भार वाढतो. मग रेडिएटर थंड ठेवणाऱ्या पंख्याचा प्रश्न येतोच.

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा हवा भरपूर ओढतो. त्याच्या क्लचमध्ये, म्हणजे पंख्याला इंजिनाच्या फिरण्याशी जोडणाऱ्या भागात, सिलिकॉन तेल असतं. समोरची बायमेटल (दोन धातूंची, तापली की वाकणारी) पट्टी तापली की क्लच घट्ट धरतो. ना वायर, ना रिले (जास्त करंट चालू-बंद करणारा स्विच), ना फ्यूज. गोची एकच: दगडांवरून लो रेंजमध्ये (फोर-बाय-फोरच्या संथ, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) चढताना इंजिन जेमतेम हजार आरपीएमवर असतं, म्हणजे जेव्हा हवा सगळ्यात जास्त हवी तेव्हाच पंखा रेंगाळतो. खोल पाण्यात तर पाती पुढे वाकून रेडिएटरलाच खरवडू शकतात.

इलेक्ट्रिक पंख्याला आरपीएमशी देणंघेणं नाही. पाण्यात शिरण्याआधी बटण दाबून बंद करता येतो, हे मला फार मोलाचं वाटतं. पण मोठा पंखा २०-३० अँपिअर सहज खातो, सुरू होताना त्याहून जास्त. बारीक वायर टाकली तर कनेक्टर वितळून काळा पडतो, आणि आयडलिंगला वीज बनवणारा अल्टरनेटरही दमतो.

वाळूत, लांब चढावर, जड गाडीत मी क्लचवालाच ठेवेन. दगड आणि पाणी रोजचं असेल तर इलेक्ट्रिक, जाड वायर आणि वेगळ्या रिलेसकट. श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचं हवा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं आवरण, मात्र दोन्हींना हवाच. तो काढून ठेवणाऱ्यांनी पंख्याला नावं ठेवू नयेत.