सेलेनियमच्या गोळ्या: बाटली चांगली, लेबल अपुरं

आईच्या थायरॉईडसाठी डॉक्टरांनी सेलेनियम हे खनिज लिहून दिलं, ते राजारामपुरीतल्या एका मेडिकलमधून आणलं. सेलेनोमेथिओनाइन, म्हणजे सेलेनियमचाच एक प्रकार, एका गोळीत 200 मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण 55, म्हणजे डोस चांगलाच दणकट. गोळी लहान, जेवणानंतर आई सहज गिळते. थायरॉईडच्या टी-फोर (थायरॉक्सिन) या हार्मोनचं जास्त प्रभावी टी-थ्री करणाऱ्या एन्झाइमना सेलेनियम लागतं, पण थायरॉक्सिनच्या औषधाची जागा ते घेत नाही. थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी चालूच आहे. दुकानदार सोबत मल्टिव्हिटॅमिनही गळ्यात मारत होता. त्यातही सेलेनियम होतंच! जास्त झालं की केस गळतात, नखं ठिसूळ होतात, तोंडाला लसणासारखा वास येतो. बाटलीवर यातलं एक अक्षर नाही, याचा मला खरंच राग आला. गोळीबद्दल तक्रार नाही. संपली की डॉक्टरांना विचारूनच पुढची आणणार.