गोट्यांच्या जमिनीत कोणत्या चाचणीवर विसंबावं?

पुलाच्या पायासाठी बोअर चालू होता. आठ मीटरवर एसपीटीचा (स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट, हॅमरने नमुन्याची नळी ठोकायची चाचणी) एन, म्हणजे नळी ३० सेंटिमीटर खाली जायला लागलेले ठोके, १४ होता, नऊ मीटरवर तो एकदम ५० च्या वर गेला. ड्रिलर म्हणाला, "मॅडम, रिफ्युजल लिहा, खडक लागला." रिफ्युजल म्हणजे नळी पुढे सरकतच नाही. स्पून, म्हणजे ती नमुन्याची नळी, वर काढून उघडला तर शूच्या, म्हणजे टोकाच्या कडीच्या, तोंडात एक गोटा बुचासारखा घट्ट बसलेला आणि आत नमुना जेमतेम बोटभर. मी तीन मीटर बाजूला दुसरा बोअर घ्यायला लावला. त्याच खोलीवर एन आला १६. पहिला आकडा तसाच अहवालात गेला असता तर सैल थरावर पाया बसला असता.

एसपीटीच्या स्पूनचं आतलं तोंड ३५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५१. गोटाळ थरात मात्र ७५ मिलिमीटरपर्यंतचे गोटे सर्रास असतात. एवढा गोटा स्पूनमध्ये शिरणार कुठून? तो तोंडाशी अडकतो आणि नमुना घेणारी नळी बंद तोंडाच्या खिळ्यासारखी ठोकली जाते. ब्लो, म्हणजे ठोके, वाढतात ते दगडामुळे, थराच्या घट्टपणामुळे नव्हे. यावर एक उपाय मी नेमाने करते: १५ सेंटिमीटरचे ब्लो एकगठ्ठा न मोजता दर अडीच सेंटिमीटरला मोजायचे. आलेख जिथे अचानक वाकतो तिथे दगड लागला असं समजायचं आणि त्याआधीच्या उतारावरून एन काढायचा. काम किचकट आहे, ड्रिलर कंटाळतात, पण वाळूत तुरळक गोटे असतील तर याने आकडा वाचतो. सगळा थरच गोट्यांचा असेल तर हा उपायही चालत नाही. तरी एसपीटी मी सोडणार नाही, कारण हातात माती देणारी यातली हीच एक चाचणी आहे.

सीपीटी (कोन पेनिट्रेशन टेस्ट, शंकू दाबत नेण्याची चाचणी) वाळूत आणि चिकणमातीत माझी सर्वांत आवडती. ३६ मिलिमीटरचा शंकू सेकंदाला २ सेंटिमीटर वेगाने सरकत जातो आणि थरांचं सलग चित्र मिळतं. गोट्यांत मात्र रॉड वाकतात, शंकू तिरका होतो आणि काम थांबवावं लागतं. तिथे तिचा हट्ट धरू नये.

मला खरा भरवसा वाटला तो चीनमध्ये १९५० च्या दशकात गोट्यांच्या जमिनीसाठीच तयार झालेल्या डीपीटीचा (डायनॅमिक पेनिट्रेशन टेस्ट, शंकू ठोकत नेण्याची चाचणी). ७४ मिलिमीटरचा भरीव शंकू, १२० किलोचा हॅमर आणि १ मीटरची उडी. एसपीटीचा हॅमर ६३.५ किलोचा, तो ७६ सेंटिमीटरवरून पडतो; म्हणजे इथे प्रत्येक ठोक्याला जवळपास अडीचपट ऊर्जा. रॉड ६० मिलिमीटरचे, शंकूपेक्षा बारीक, त्यामुळे बाजूचं घर्षण कमी. बोअर पाडायची गरज नाही आणि दर १० सेंटिमीटरला नोंद मिळते. त्याच पुलाच्या जागेवर आम्ही नंतर डीपीटीच्या सहा रेघा घेतल्या. नऊ ते अकरा मीटरमधला सैल पट्टा सहाही ठिकाणी दिसला आणि पाया खाली न्यावा लागला.

भूकंपात जमीन पातळ होण्याचा, म्हणजे लिक्विफॅक्शनचा प्रश्न असेल तर डीपीटीचं मोल आणखी वाढतं. २००८ च्या वेंचुआन भूकंपात चेंगदूच्या मैदानातले गोट्यांचे थर पातळ झाले. काओ, यूड आणि युआन या संशोधकांनी तिथे हीच चाचणी घेऊन तिच्याच आकड्यांवर धोक्याची रेषा, म्हणजे कोणत्या आकड्याखाली थर पातळ होऊ शकतो ती सीमा, आखली, २०१३ मध्ये. डीपीटीचा आकडा आधी वाळूसाठीच्या एसपीटीच्या एनमध्ये बदलायची गरज उरली नाही. पण उणिवा आहेतच. नमुना मिळत नाही. फार खोल गेलं की घर्षण डोकं वर काढतं. दीड-दोनशे मिलिमीटरचे धोंडे ७४ च्या शंकूलाही भारी पडतात. आणि हॅमर वेगळा वापरला तर ऊर्जा मोजून दुरुस्ती केल्याशिवाय आकडा त्या रेषेवर ठेवू नये. ही चूक मी दोन अहवालांत पाहिली आहे.

अशा धोंड्यांसाठी बेकर चाचणी. १६८ मिलिमीटरचं बंद तोंडाचं केसिंग, म्हणजे पोलादी नळी, डिझेल हॅमरने ठोकतात. एवढ्या व्यासापुढे गोट्याचं काही चालत नाही. अडचण आहे ती केसिंगच्या घर्षणाची: खोली वाढते तसे ब्लो वाढतात, थर तोच असला तरी. हार्डर आणि सीड यांनी १९८६ मध्ये हॅमरच्या बाऊन्स चेंबरमधल्या, म्हणजे वरच्या हवाबंद कप्प्यातल्या, दाबावरून ब्लो सुधारून ते एसपीटीच्या एनला जोडले, पण घर्षण त्यात मिसळलेलंच राहिलं. टोकाशी उपकरणं बसवलेली नवी आवृत्ती टोकाला प्रत्यक्ष पोचलेली ऊर्जा मोजते, म्हणून मला ती अधिक पटते. यंत्र अवजड आणि मिळायला अवघड. मोठ्या धरणाच्या पायासाठी खटपट करावी, साध्या इमारतीसाठी नको.

माझ्या हातात ठरवायचं असेल तर आधी डीपीटीच्या रेघा, मग त्यांत सैल दिसलेल्या खोलीवर एक-दोन एसपीटी बोअर, नमुन्यासाठी. आणि स्पून वर आला की तो धुण्याआधी शूचा फोटो, त्यात अडकलेल्या गोट्याच्या मापासह, बोअर लॉगला, म्हणजे बोअरच्या नोंदपत्रकाला, जोडायचा. ५० लिहिलेल्या ओळीशेजारी तो फोटो नसेल तर मी सही करत नाही.