शेतकरी बाजारातले वाकडेतिकडे टोमॅटो

न्यू जर्सीत येऊन ११ वर्षं झाली, टोमॅटोला वास असतो हेच मी विसरले होते. सुपरमार्केटातले दिसायला लालबुंद, चवीला पाणी. गेल्या शनिवारी आमच्या इथल्या शेतकरी बाजारात कोपऱ्यातल्या स्टॉलवर जुन्या वाणांचे टोमॅटो घेतले: दोन चेरोकी पर्पल, एक गुलाबी ब्रँडीवाइन, मूठभर ग्रीन झेब्रा. (ग्रीन झेब्रा खरं तर १९८३ सालचा, म्हणजे माझ्याहून लहान. त्याला जुना म्हणणं जरा अतीच!)

चेरोकी पर्पलवर मी फिदा. देठापाशी हिरवट, कापला की आतून काळपट विटकरी, गर दाट, गोडीला किंचित खारट किनार. जाड फोडींना मीठ लावून १० मिनिटं ठेवलं. सुटलेलं पाणी अजिबात फेकू नका, त्यातच लिंबू आणि ऑलिव्ह तेल फेटायचं. वर त्याच स्टॉलवरची बेझिल, आपल्या तुळशीची चुलत बहीण, हातानेच तोडून. पुदिन्याची चार पानं माझ्या मनची. नवऱ्याने मात्र दाण्याचं कूट भुरभुरवून सरळ कोशिंबीर करून टाकली. मला नाही पटलं, पण वाडगं त्यानेच चाटूनपुसून संपवलं.

तक्रार दराची: पाउंडाला ६ डॉलर. शिवाय ब्रँडीवाइन घरी येईस्तोवर एका बाजूने दबला. सालच नाजूक, पिशवीत तळाशी घालू नका. फ्रिजमध्येही नको, वास मरतो.

५ पैकी ४. सकाळी लवकर जा, १० नंतर नुसत्या काकड्या उरतात.