महागड्या परफ्यूमच्या स्वस्त प्रतिकृती: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनपासून मी नामांकित परफ्यूमच्या तीन स्वस्त प्रतिकृती आलटून-पालटून वापरतो आहे. त्यांपैकी दोन दुबईत तयार झालेल्या आहेत आणि एक आपल्याकडची आहे. मूळ कंपनीचे नाव आणि खोके जसेच्या तसे छापून रस्त्यावर विकला जाणारा बनावट माल वेगळा. ती सरळ फसवणूक आहे आणि तसली बाटली मी घेतलेली नाही. या प्रतिकृती स्वतःच्या नावाने विकल्या जातात, फक्त वास दुसऱ्याचा उचलतात. परफ्यूममधले घटक गॅस क्रोमॅटोग्राफीने बऱ्याच अंशी वेगळे करून ओळखता येतात आणि वासावर मालकी सांगणे कायद्याने सोपे नाही. जून 2006 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने वासाला कॉपीराइट नाकारला आणि त्याच महिन्यात नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला, यावरून हा प्रश्न किती अवघड आहे ते कळते.

तुलनेसाठी मूळ परफ्यूमच्या 5 मिलीच्या कुप्या मिळवल्या आणि अनेक दिवस डाव्या मनगटावर प्रतिकृती, उजव्या मनगटावर मूळ असे लावून डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडली.

पहिली प्रतिकृती क्रीडच्या 2010 मधल्या ‘अव्हेंटस’ची. मुळाची 100 मिलीची बाटली पंचवीस हजारांच्या वर जाते, ही मला अडीच हजारांच्या आत मिळाली. मुळात रसाळ अननस आणि त्यामागे बर्च लाकडाचा हलका धूर असतो. प्रतिकृतीत पहिली दहा-पंधरा मिनिटे लिंबाच्या सालीचा इतका उग्र भपकारा येतो की अननस शोधावा लागतो, आणि दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून निर्णय घेणारा माणूस ही बाटली नक्कीच खाली ठेवेल. पण हा भपकारा ओसरला की धूर आणि कस्तुरीसारखा मऊ वास वर येतो. एका रविवारी दोन धुतलेल्या सुती हातरुमालांवर एकेक फवारा मारून, कोणता कशाचा हे न सांगता, ते धाकट्या बहिणीच्या हातात दिले. सकाळी नऊला तिने मूळ कोणते ते क्षणात ओळखले; दुपारी तीनला मूळ समजून प्रतिकृतीचाच रुमाल उचलला.

नवी बाटली दोन-तीन महिने अंधाऱ्या कपाटात ठेवली की उग्रपणा कमी होतो, असे बरेच जण सांगतात. ऑक्टोबरात त्याच परफ्यूमची दुसरी बाटली घेऊन मी जुन्या बाटलीशी ताडून पाहिले. जुनी खरोखरच सौम्य होती. मात्र दोन्ही वेगवेगळ्या खेपेतल्या असल्याने हे श्रेय एकट्या कपाटाला द्यायला मी तयार नाही.

दुसरी प्रतिकृती डिओरच्या 2015 मधल्या ‘सोवाज’ची, आणि तिचे अगदी उलट आहे. पहिल्या फवाऱ्यात मला फरकच सापडला नाही. दोन तासांनंतर मात्र मुळातली मिरी आणि लव्हेंडर अजून जाणवत असताना प्रतिकृतीत केवळ अँब्रोक्सान उरते. कोकण किनाऱ्यावर तस्करांकडून पकडली जाणारी ‘व्हेल माशाची उलटी’ बातम्यांतून आपल्याला ठाऊक आहे. तिच्या सुगंधाची जागा घेणारा, क्लेरी सेज या वनस्पतीपासूनही बनवला जाणारा हा पदार्थ आहे. व्हेलला न दुखवता हा वास मिळतो याचे मला मनापासून समाधान वाटते, पण नुसता एवढाच एक वास दिवसभर अंगावर असला की तो रुक्ष आणि एकसुरी होतो.

शिवाय आपले नाक अशा वासाला लवकर सरावते. ऑगस्टमध्ये एकदा दुपारी वास उडाला असे समजून मी पुन्हा तीन फवारे मारले, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काही न बोलता पंखा माझ्याकडून दुसरीकडे वळवला. विचारल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, सकाळपासून येतोय तो वास. मला अर्धशिशी आहे.” त्या दिवसापासून कितीही वाटले तरी दुपारी मी पुन्हा मारत नाही, आणि दमट हवेत सकाळीही दोनच फवारे घेतो.

तिसऱ्या बाटलीबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. वास तासाभरात विरला, आणि चौथ्या महिन्यात फवाऱ्याचे तोंड गळू लागून पांढऱ्या सदऱ्यावर पिवळसर डाग पडला, तो अजून निघालेला नाही.

पहिल्या प्रतिकृतीची दुसरी बाटली आता निम्म्यावर आली आहे. ती मी घरून निघण्याच्या अर्धा तास आधी लावतो, म्हणजे भपकारा घरातच ओसरतो. दुसरी संपली की तिच्याऐवजी पैसे साठवून मूळ परफ्यूमच घेणार आहे, कारण त्या वासात मला जे आवडते ते नेमके दोन तासांनंतरचे आहे.